भिंतीतला लोणा : कळव्याच्या खाडीकाठी गिलाव्याचा इतिहास

#थ्रेड

कळवा, खारेगाव, विटावा या पट्ट्यात नवे घर घेतलेल्या अनेक कुटुंबांना पहिल्या पावसाळ्यानंतर एक दृश्य पाहावे लागते. हॉलच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत, पांढरी भुकटी उमटलेली असते. बोट फिरवले की ती बोटाला लागते. महिन्याभरात तिथला रंग फुगतो आणि पोपडे सुटू लागतात. रंगारी दोष पुट्टीला देतो, पुट्टीवाला गिलाव्याला आणि गिलावा करणारा गवंडी पावसाला. घरातल्या आजीला मात्र यासाठी एकच शब्द पुरतो : ‘भिंतीला लोणा लागला.’

हा शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ याच कुळातला. भिंतीतून बाहेर आलेले क्षार म्हणजे लोणा. आणि याच कुळातला दुसरा शब्द आहे ‘लोणारी’. १९व्या शतकातील नोंदींत लोणारी ही जात चुना भाजणारी, मीठ व कोळसा करणारी म्हणून येते. म्हणजे भिंत उभी करणाऱ्याचे नाव आणि भिंत खाणाऱ्या रोगाचे नाव एकाच धातूच्या दोन फांद्या. कळव्यासारख्या खाडीकाठच्या गावात हा केवळ शब्दांचा खेळ राहत नाही. इथल्या खाडीने घरांना आधी चुना दिला, नंतर रेती दिली आणि त्या रेतीबरोबर मीठही दिले.

सुरुवात खडकापासून करावी लागते. ठाणे-कल्याणचा सारा प्रदेश ज्वालामुखीच्या लाव्हारसातून तयार झालेल्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. पारसिकचा डोंगर त्याचाच. अंबरनाथचे शिवमंदिर, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६०चे, याच काळ्या दगडात घडले. हा दगड चिरेबंदी कामाला उत्तम, पण त्यात चुनखडीचे थर नाहीत. गुजरात किंवा राजस्थानसारख्या चुनखडीच्या खाणी इथे निघत नाहीत. मग चुना आणायचा कुठून? घाटावर ओढ्या-नाल्यांच्या काठी मिळणारे कंकराचे खडे भाजत. किनाऱ्यावर मात्र समुद्राने आणि खाडीने ती सोय आधीच करून ठेवली होती : शिंपले.

शिंपला आणि चुनखडीचा दगड रासायनिक दृष्ट्या एकच, कॅल्शियम कार्बोनेट. त्यामुळे कोकण किनाऱ्यावर कालवे, तिसऱ्या यांची टरफले गोळा करून भट्टीत भाजण्याचा उद्योग शतकानुशतके चालला. (कळवा हे गावाचे नाव ‘कालवां’वरून आले असावे अशी कोटी सुचू शकते; पण कोटी म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.) मुंबईतील चुनाभट्टी हे स्थानकाचे नाव आजही त्या उद्योगाची खूण सांभाळून आहे. रोज हजारो प्रवासी ते नाव ऐकतात, आणि भट्टी कसली होती हा प्रश्न फार थोड्यांना पडतो.

भट्टीची रीत सांगायला सोपी, करायला कठीण. जळणाचा एक थर, शिंपल्यांचा एक थर, पुन्हा जळण. तापमान साधारण ९०० अंश सेल्सियसपर्यंत गेले की शिंपल्यातील कर्बवायू निघून जातो आणि हाती उरतो कळीचा चुना. हा पदार्थ उग्र असतो. पाणी पडताच तो फसफसतो, उकळतो, वाफा सोडतो. डोळ्यात गेला तर दृष्टी जाण्याची भीती, हाताला लागला तर कातडी जळते. चुना विरवणारी माणसे हे काम बहुतेक उघड्या हातापायांनी करत. मराठी इतिहासलेखनात किल्ले बांधवणाऱ्यांची नावे येतात. चुना विरवणाऱ्यांचे हात कुठे येत नाहीत.

विरवलेला चुना लगेच भिंतीवर लावत नसत. तो पाण्याखाली हौदात मुरत ठेवायचा. जगभरच्या जुन्या बांधकामशास्त्रात यावर आश्चर्यकारक एकमत दिसते. रोमन लेखक प्लिनी सांगतो की जुन्या नियमांनुसार तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना ठेकेदाराला वापरता येत नसे. त्याच्या आधीचा विट्रुव्हियस भिंतीच्या उत्तम गिलाव्यासाठी खडबडीत पहिल्या हातानंतर वाळूचे तीन आणि संगमरवराच्या भुकटीचे तीन थर सांगतो. कारण साधे आहे. न विरलेला एखादा कण चुन्यात राहिला, तर तो भिंतीवर चढल्यावर महिन्यांनी ओल खाऊन फुगतो आणि वरचा थर टपकन उडवून देतो.

मुरलेला चुना, रेती आणि सुरखी म्हणजे विटांची भुकटी यांचे मिश्रण घाण्यात मळले जाई. गोल दगडी चर, मध्ये खुंटा, त्याभोवती बैल फिरवत असलेले दगडी चाक. तिकोना किंवा रोहिडा चढणाऱ्या प्रत्येकाने हा चुन्याचा घाणा पाहिलेला असतो आणि बहुधा त्याच्यासोबत छायाचित्रही काढलेले असते. सुरखी घालण्यामागे शहाणपण होते. नुसता चुना हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा दगड बनतो आणि ही क्रिया आतपर्यंत पोहोचायला महिने, कधी वर्षे लागतात. भाजलेल्या मातीची भुकटी मिसळली की चुना तिच्याशीही संयोग पावतो आणि ओल्या जागेतही घट्ट होतो. रोमन लोक हेच काम ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेत.

या मिश्रणात गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर, उडदाचे पीठ आणि तागाचे तंतू घालण्याची चाल होती. समाजमाध्यमांवर याविषयी एक ठरावीक सुरातले गौरवगान ऐकू येते : पूर्वजांचे गूढ ज्ञान, आज कुणालाच न उलगडलेले. प्रत्यक्षात यात गूढ फारसे नाही. साखर चुन्याची विद्राव्यता वाढवते आणि घट्ट होण्याचा वेग लांबवते, म्हणून गवंड्याला काम करायला वेळ मिळतो. बेलाचा आणि उडदाचा चिकटपणा मिश्रणाला लवचीक करतो. तंतू भेगा धरून ठेवतात. अनुभवातून आलेले हे ज्ञान होते, आणि ते अनुभवातून आले म्हणूनच अधिक आदराला पात्र आहे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यावर विनोद पुष्कळ झाले. तंतूंनी सुमारे पंधराशे वर्षे गिलावा धरून ठेवला, याची चर्चा त्या मानाने कमी झाली.

भिंत तयार करण्याचे लिखित शास्त्रही होते. पश्चिम चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या १२व्या शतकातील ग्रंथात चित्रासाठी भिंत सिद्ध करण्याची कृती येते. म्हशीचे कातडे पाण्यात उकळून लोण्यासारखे मऊ करायचे, त्याच्या कांड्या वळून वाळवायच्या, हा झाला वज्रलेप. तो पांढऱ्या मातीत मिसळून भिंतीवर पातळ थर चढवायचे, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. या सोमेश्वराची राजधानी ‘कल्याण’ होती, त्यामुळे काही उत्साही मंडळी हा ग्रंथ ठाणे जिल्ह्यात आणून बसवतात. ते कल्याण म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. आपल्या कल्याणच्या वाट्याला दुर्गाडी आणि बंदर पुरेसे आहे. उसनवारीची गरज नाही.

अर्थात चुन्याची भिंत ही देऊळ, किल्ला, वाडा आणि सावकाराच्या घरापुरती होती. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला, तेव्हा किल्ल्याच्या भिंती चुन्यातल्या होत्या, पण खाडीपलीकडच्या आगरी-कोळी वस्त्यांतील आणि डोंगरातील पाड्यांवरील सामान्य घर कुडाचे होते. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या कांबींनी बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेण-माती लिंपायची. कारवी ही सह्याद्रीत ठरावीक वर्षांनी, साधारण आठव्या वर्षी, एकदाच फुलून मरणारी झुडपे. तिच्या सरळ, हलक्या काठ्यांनी या भागातील असंख्य संसारांना भिंती दिल्या.

कुडाच्या भिंतीचा गिलावा स्त्रियांच्या हातचा. तिथे ना थापी ना रंधा, फक्त तळहात. पावसाळा सरला की उडालेली माती पुन्हा लिंपायची, सण आला की सारवायचे. तलासरी, डहाणू, जव्हार या भागांत, म्हणजे १ ऑगस्ट २०१४पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या मुलखात, वारली घरात लग्न निघाले की याच भिंतीवर गेरूचा हात देऊन सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवचौक लिहीत. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी. आज जगभर पोहोचलेली वारली चित्रकला ही मुळात गिलाव्याची अखेरची पायरी होती. लग्न झाले, पावसाळे गेले, भिंत पुन्हा लिंपली गेली की चित्रही मातीखाली जाई. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांनी पाड्यांवर कागद नेला, जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी त्यावर चित्रे काढली, आणि चित्र भिंतीपासून सुटे झाले. त्यामुळे ते टिकले आणि विकलेही गेले. भिंत लिंपणाऱ्या बायांचे काम मात्र कलेच्या इतिहासात ‘पार्श्वभूमी’ या शब्दाखाली राहून गेले, तोही शब्दशः.

१६ एप्रिल १८५३ रोजी रेल्वे ठाण्यापर्यंत आली. १ मे १८५४ रोजी ती खाडी ओलांडून, कळव्याच्या शिवारातून, कल्याणला पोहोचली. भारतात सिमेंट बनू लागायला अजून पन्नास वर्षे होती. लोहमार्गाबरोबर विटा, लाकूड, कौले आणि माणसे यांची ये-जा वाढली. कल्याण, ठाणे आणि पुढे डोंबिवली येथे कौलारू दुमजली घरे आणि चाळी उठल्या. त्यांच्या भिंती विटांच्या, गिलावा चुना-रेतीचा, त्यावर ‘नीरू’चा हात. नीरू म्हणजे गाळलेल्या मुरलेल्या चुन्याचा मलईसारखा शेवटचा पातळ थर. गवंडी तो गुरमाळ्याने घोटत राही. चांगल्या नीरूच्या भिंतीवर तळवा ठेवला तर ऐन वैशाखातही गार लागे. जुन्या सार्वजनिक बांधकाम दरपत्रकांत ‘नीरू फिनिश’ हा शब्द इंग्रजीच्या पंक्तीत निमूटपणे बसलेला सापडतो.

यानंतरचा प्रसंग कटू आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९७च्या साथरोग कायद्याने सरकारला घरात शिरण्याचा अधिकार दिला. रोगी सापडलेल्या खोल्या धुवायच्या, जमिनी उकरायच्या, उजेडासाठी छपराला भोके पाडायची आणि भिंतींना चुना फासायचा. दिवाळीला लागणारा शुभ चुना आता पोलीस आणि सोल्जर यांच्या देखरेखीखाली लागू लागला. मुंबईत राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरे रंगवली गेली. पुण्यात या मोहिमेचा शेवट २२ जून १८९७च्या गणेशखिंडीतील गोळ्यांत झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या संतापाचे एक कारण स्वयंपाकघराच्या, देवघराच्या भिंतीपर्यंत पोहोचलेला परका हात हे होते. घराच्या आतली भिंत कोणी रंगवायची, हा तेव्हा राजकीय प्रश्न बनला होता.

सिमेंट आले ते हळूहळू. इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ साली घेतले. भारतात पोरबंदरचा कारखाना १९१४ साली उत्पादन करू लागला आणि १९३६ साली अनेक कंपन्या एकत्र येऊन मुंबईत एसीसी स्थापन झाली. सिमेंटने गवंड्याला वेळेची देणगी दिली. जे चुन्याला महिने लागत, ते सिमेंट काही दिवसांत करी. पण स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ सिमेंट हा रेशनचा माल होता. किंमत आणि वाटप सरकारी नियंत्रणात, पोत्यांसाठी परवाने, परवान्यांसाठी खेटे. याच सिमेंटच्या वाटपावरून आणि त्या बदल्यात मिळालेल्या देणग्यांवरून मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर जानेवारी १९८२मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी राजीनामा दिला. पुढे ते प्रकरण वरच्या न्यायालयांत अनेक वर्षे चालले. महिन्याभरात, फेब्रुवारी १९८२मध्ये, केंद्राने सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठवले. पूर्ण मुक्तता १९८९ साली झाली.

आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका अस्तित्वात आली, कळवा-मुंब्रा तिच्या हद्दीत आले. एकाच वर्षात कळव्याला सिमेंटही मोकळे झाले आणि शहरही मिळाले. पुढच्या वर्षी कल्याण महानगरपालिका झाली. बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यांत काम करणारी, मुंबईतून बाहेर ढकलली गेलेली, कोकणातून आणि देशावरून आलेली कुटुंबे इथे घर शोधत होती. घरे हवी होती, लवकर हवी होती आणि स्वस्त हवी होती.

सिमेंट कारखान्यातून आले, पण गिलाव्याच्या एका पाटी सिमेंटला चार-पाच पाट्या रेती लागते. ती दारातच होती. कळवा ते मुंब्रा रस्त्यावरचे ‘रेतीबंदर’ हे नाव त्या धंद्याचे. आधी हातपाटीने : होडीतून डुबी मारायची, तळातून पाटी भरायची, वर यायचे. दिवसभर हेच. मग सक्शन पंप आले आणि खाडीचा तळ होडीत येऊन पडू लागला. या रेतीवर ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली येथील इमारतींच्या किती पिढ्या उभ्या आहेत, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

खाडीची रेती म्हणजे भरतीच्या पाण्यात भिजलेली रेती. गोड्या पाण्याने नीट धुतली तर ती वापरता येते. पण धुवायला पाणी, जागा आणि वेळ लागतो. १९८० आणि ९०च्या दशकांतील कळव्यात या तिन्हींची टंचाई होती. न धुतलेल्या रेतीतील मीठ गिलाव्यात बंद होते. पावसाळ्यात भिंत ओल घेते, मीठ विरघळते. पावसाळा संपला की पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जाते आणि मीठ तिथेच स्फटिक बनते. स्फटिक जागा मागतो, म्हणून रंग फुगतो. शिवाय मीठ हवेतली दमटही ओढते, त्यामुळे पुढच्या वर्षी डाग मोठा होतो. हाच लोणा. सळईपर्यंत हे क्षार पोहोचले तर लोखंड गंजून फुगते आणि मग प्रश्न रंगाचा राहत नाही.

लोणा चुन्याच्या भिंतीलाही लागत असे. फरक इतकाच की ती भिंत श्वास घेई. क्षार बाहेर येत, झडत, आणि दिवाळीत नवा चुन्याचा हात बसे. तो थर खराब होण्यासाठीच लावलेला असे म्हटले तरी चालेल. (सफेदी टिकावी म्हणून काही जण चुन्यात डिंक, नीळ आणि चक्क मीठही घालत.) सिमेंट, त्यावर पुट्टी, त्यावर प्लास्टिक पेंट अशा बंद भिंतीत मिठाला वाट नसते, म्हणून ते पापुद्रा फोडूनच येते. डिस्टेंपर आणि तयार रंगांच्या डब्यांनी घराघरांत प्रवेश केला, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला ब्रशधारी ‘गट्टू’ ओळखीचा झाला, आणि दर दिवाळीची सफेदी हळूहळू पाच-सात वर्षांनी होणाऱ्या रंगकामावर आली. रंग टिकाऊ झाला. भिंतीची वार्षिक तपासणी मात्र थांबली.

रेतीच्या धंद्यातील पैसा आणि दांडगाई यांचा इतिहास वेगळा थ्रेड मागतो. २००४ साली रायगड जिल्ह्यातील किहीम येथे बेकायदा उपशाला विरोध करणाऱ्या सुमैरा अब्दुलअली यांच्यावर हल्ला झाला. त्यांनी स्थापलेल्या आवाज फाउंडेशनने पुढे उच्च न्यायालयात लढा दिला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रांतील वाळू उपशालाही पर्यावरणीय परवानगी बंधनकारक केली. बांधकामांवर हळूहळू दगड भरडून केलेली क्रश सँड आली. बेसॉल्टच्या ज्या मुलखाला चुनखडी मिळाली नव्हती, तो मुलूख आता आपलाच डोंगर फोडून भिंतींना लावू लागला.

घाईचा इतिहासही याच परिसरात लिहिला गेला. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ-डायघर येथील ‘लकी कंपाउंड’मधील सात मजली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जण मृत्युमुखी पडले. ती काही महिन्यांत उठवली गेली होती, वर काम चालू होते आणि खालच्या मजल्यांवर मजुरांची कुटुंबे व भाडेकरू राहत होते. मेलेल्यांत मुले होती. तिथे दोष गिलाव्याचा नव्हता, साऱ्या बांधकामाचा होता. पण पाणी मारायला, वाळायला, तपासायला लागणारे दिवस हेच ज्याला नुकसान वाटते, त्या बांधकामाचे ते टोक होते.

आजच्या नव्या घरातील भिंतीचा क्रम कागदावर तरी ठरलेला आहे. काँक्रीट आणि विटा यांच्या सांध्यावर जाळी. काँक्रीटला टाचे मारून खडबडीत करायचे. ओळंब्याने ठिपके घेऊन मग बारा-पंधरा मिलिमीटरचा गिलावा. निदान सात दिवस पाणी. त्यानंतर काही आठवडे वाळवण, कारण ताजे सिमेंट इतके अल्कधर्मी असते की वर लावलेला रंग जाळून टाकते. मग पुट्टीचे दोन हात, घासणे, प्रायमर, रंग. पाणी मारण्याचे आणि वाळवण्याचे दिवस हेच सर्वात आधी कापले जातात; त्यांचे छायाचित्र जाहिरातीत येत नाही. अलीकडे अनेक इमारतींत जिप्समचा गिलावा होतो. त्याला पाणी मारावे लागत नाही, तो मिनिटांत घट्ट होतो, पण न्हाणीघरात तो चालत नाही. पुट्टी घासताना उडणारी धूळ रंगाऱ्याच्या फुप्फुसात जाते. रुमाल हाच बहुतेकांचा मास्क असतो. चुना विरवणाऱ्या उघड्या हातांपासून या रुमालापर्यंत फारसे अंतर पडलेले नाही.

बांधकामाच्या पाठ्यपुस्तकांत रेती तपासण्याच्या काही साध्या चाचण्या आजही शिकवल्या जातात. पाण्याच्या ग्लासात रेती ढवळून गाळ पाहणे, मुठीत चोळून हाताला माती लागते का पाहणे. आणि मीठ ओळखण्यासाठी, प्रयोगशाळा जवळ नसेल तर, रेतीचा कण जिभेवर ठेवून चव घेणे.